लग्नाचा खण एकच

गोरेगाव, जि. गोंदिया
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय उर्वशी,

तुझं पत्र दिवाळी झाल्यावर मिळालं. पोस्टमन म्हणाला, "आता साऱ्या चिठ्ठ्या बँकेच्याच येतात. घरची चिठ्ठी येते थे तुमचीच एक." मी त्याच्या हातावर दोन चकल्या ठेवल्या. तो खूश, मी खूश.

तू लिहिलंस की वहिनी, आजकाल पत्र कोण लिहितं, आपण वेड्या आहोत. असू दे. फोनवर पहिलं मिनिट आपण बऱ्या असतो. दुसऱ्या मिनिटाला तुझ्या दादाचा विषय निघतो, तिसऱ्याला आपण दोघी रडतो आणि चौथ्याला आई माझ्या हातातून फोन ओढून घेतात. तिलकना जाऊन साडेतीन वर्षं झाली, पण या वेळापत्रकात काही बदल नाही. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं.

इकडचं सांगते. धान कापून झालं, बाबांचं मळणीवाल्याशी दरवर्षीचं भांडणही झालं. आईंचा गुडघा थंडी पडली की कुरकुरतो. माझ्या शिलाई मशीनची मोटार जळली होती, ती सडक अर्जुनीहून वाइंडिंग करून आणली. आता मशीन इतकी पळते की शाळेचे गणवेश वेळेच्या आधी झाले.

एक काम आहे. आमच्या बचत गटाच्या मॅडमची बदली झाली आहे. त्यांना निरोपाला काहीतरी वेगळं द्यावं असं ठरलं. तुझ्या मागच्या पत्रात पुलाजवळच्या त्या जुन्या मिठाईच्या दुकानाचं लिहिलं होतंस. तिथून एक छान खोका घेऊन ठेव. सौंदडचा लोकेंद्र, जो तुझ्या गावात कारखान्यात आहे, तो डिसेंबरात सुट्टीला येतो आहे ना, त्याच्याजवळ दे. खोका असा असावा की मोठ्या माणसापुढे ठेवताना लाज वाटू नये. जपानची मिठाई कशाला, इथले पेढे काय वाईट, असं विचारू नकोस. सांगितलं तेवढं कर.

तुझी
वहिनी


मात्सुए
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय वहिनी,

तुझ्या मॅडमची मिठाई घेतली. पण ती घेताना माझी जी उलटतपासणी झाली, तशी इथे नोकरीला लागतानाही झाली नव्हती.

दुकान तीनशे दहा वर्षांचं आहे. दाराला निळा पडदा, आत एकच काचेचं कपाट आणि त्यात मोजून नऊ मिठाया. आपल्या गोंदियात एवढ्याशा मालावर कोणी दुकानाचं शटरही उघडणार नाही. मालकीणबाई ब्याऐंशी वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, पण नजर अशी की मी बूट पुसून आत गेले. काचेखाली लाल चवळीसारख्या दाण्यांच्या पुरणाची फुलं होती, इतकी सुंदर की मी तीच मागितली. बाईंनी विचारलं, "घरी पोहोचायला किती वेळ लागेल?" हे इथे प्रत्येकाला विचारतात, त्या हिशेबानं खोक्यात बर्फाच्या पिशव्या घालतात. मी सांगितलं, तीन आठवडे. बाईंनी थाळी माझ्यासमोरून उचलली आणि आत नेऊन ठेवली. ती मिठाई त्याच दिवशी खायची असते.

मला हसू आलं. बाहेर आल्यावर मात्र डोळे भरले. घरी पोहोचायला किती वेळ लागेल, हे गेल्या दोन वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी सुकी मिठाई दाखवली. साखर आणि तांदळाचं पीठ लाकडी साच्यात दाबून केलेली फुलं. आपण होळीला साखरेच्या गाठी आणतो ना, त्याच जातीचं, फक्त नाजूक. तोंडात ठेवलं की विरघळतं. पांढरी सहा, गुलाबी सहा. खोक्यावर मार्चअखेरची तारीख आहे, तोवर काही होत नाही.

मला वाटलं सुटले. तर बाईंनी दुसरा प्रश्न काढला: "काय निमित्त?" त्यांच्या मागे छोट्या छोट्या खणांचं कपाट आहे. मिठाईच्या खोक्यावर पांढरा कागद लावतात, त्यावर लाल-पांढऱ्या दोरीची गाठ छापलेली असते. निमित्त बदललं की गाठ बदलते. जे पुन्हा पुन्हा व्हावंसं वाटतं, म्हणजे बाळ, बढती, नवं घर, त्याला फुलासारखी सुटणारी गाठ. टोक ओढलं की मोकळी, परत बांधता येते. जे एकदाच व्हायचं, म्हणजे लग्न, त्याला न सुटणारी, ओढलं तर आणखी घट्ट होणारी. निरोप म्हटल्यावर बाईंनी सुटणारी गाठ काढली. म्हणजे तुझ्या मॅडमची पुन्हा पुन्हा बदली होवो अशी प्रार्थना आपण करतो आहोत. त्यांना हे सांगू नकोस.

गाठीच्या खाली देणाऱ्याचं नाव लिहितात. 'गोरेगाव महिला बचत गट' मी तीनदा म्हटलं, पण बाईंना काही जमेना. शेवटी 'ओमेश्वरी' लिहून घेतलं.

आता माझी गोष्ट. नव्या करारावर फेब्रुवारीअखेर सही करायची आहे, तीन वर्षांसाठी. पगार वाढेल. मी करणार आहे. वहिनी, मी इथे वृद्धाश्रमात दिवसभर दुसऱ्यांच्या आई-बापांना भरवते, त्यांचे केस धुते, आणि माझ्या आई-बाबांजवळ तू आहेस. तू आहेस म्हणून मी इथे निवांत आहे. तू घरात असताना मला कसलीच काळजी नाही, हे तुला कधी सांगितलं नव्हतं म्हणून आज लिहिते आहे.

तुझी
उर्वशी


गोरेगाव
२२ डिसेंबर २०२४

प्रिय उर्वशी,

लोकेंद्र येऊन खोका देऊन गेला. चहा प्यायला, आईंनी त्याला तू जेवतेस का, बारीक झालीस का, असं सगळं विचारून घेतलं. त्यानं शहाण्यासारखी सगळ्याला 'ठीक आहे' एवढीच उत्तरं दिली.

आणि तुझ्या मालकीणबाईंची गाठ उलटी लागली बरं का. मॅडमची बदली रद्द झाली. आता दोन वर्षं त्या इथून हलत नाहीत. खोका माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे, कपड्यांच्या मागे. अजून उघडला नाही. कागद इतका सुबक आहे की हात लावायला धजत नाही.

म्हणून एक विचारते. आमच्या गटात एक बाई आहे. नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिला एका ठिकाणाहून विचारणा आली आहे. माणसाची बायको वारलेली, घरी फक्त म्हातारी आई. माणूस बरा आहे म्हणतात. बाईच्या मनात आहे, पण ती पुढे पाऊल टाकत नाही. एक तर याला गावात कोणी लग्न म्हणत नाही, पाट म्हणतात. दिवेलागण झाल्यावर चार माणसांत उरकून घेतात, मांडव नाही, वाजंत्री नाही, जशी काही चोरी केली. आणि दुसरं म्हणजे तिचे सासू-सासरे म्हातारे आहेत. त्यांना एक मुलगी आहे, पण ती तिकडे रायपूरला असते. ही गेली तर त्या दोघांचं कोण बघणार, यावर गाडी अडली आहे.

तिला त्या माणसाच्या आईला भेटायला एकदा जायचं आहे. हा खोका तिला न्यायला द्यावा असं माझ्या मनात आलं. पण त्यावर ती सुटणारी गाठ. लग्नाला न सुटणारी लागते म्हणालीस. मग जिचं एकदा होऊन गेलं, तिला कोणती लागते? जाशील तेव्हा बाईंना विचार. घाई नाही.

तू सही करणार म्हणालीस. चांगलं आहे. बाबा म्हणाले, पोरगी शिकली-सवरली त्याचं चीज झालं.

तुझी
वहिनी


मात्सुए
१० जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

घाई नाही म्हणालीस, पण मी दुसऱ्याच दिवशी सुट्टी होती म्हणून गेले. बर्फ पडत होता, दुकानात मी एकटीच गिऱ्हाईक. बाईंना म्हटलं, नवरा वारलेल्या बाईचं दुसरं लग्न असेल तर कोणती गाठ? बाईंनी मला परत विचारायला लावलं, कारण माझं वाक्य चुकलं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी आतून सुनेला बोलावलं. सुनेनं जुनी वही आणली. दोघींचं बराच वेळ खालच्या आवाजात चाललं होतं. मला वाटलं, आता काहीतरी फार खोल उत्तर मिळणार.

बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "लग्नाचा खण एकच आहे."

मी म्हटलं, पण तिचं एकदा झालेलं आहे. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. हा बाळाचा, हा दुकान उघडण्याचा, हा आजारातून उठल्याचा, हा लग्नाचा. दुसऱ्या लग्नाचा वेगळा खण या कपाटात नाही, त्यांच्या सासूच्या वेळीही नव्हता. लग्न आहे ना? मग या खणातला कागद. त्या हे काही समजावून सांगायला बोलत नव्हत्या. दुकानाची पद्धत काय आहे तेवढं सांगत होत्या, आणि एवढं सोपं मला कळत नाही म्हणून जरा वैतागल्याही होत्या.

मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्याच दुकानाचा खोका चुकीची गाठ लावून लग्नाच्या घरी जाणार आहे. चेहराच पडला त्यांचा. माझीच चूक, मी निरोप सांगितला होता, असं मी परोपरीनं सांगितलं. त्या ऐकेनात. लग्नाच्या खणातून कागद काढला, पुठ्ठ्यात घातला आणि आजच्या आज पाठवा म्हणाल्या. मी म्हटलं, तिकडे ही गाठ कोणालाच वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "मला येते." कागद या पाकिटात आहे. नावाची जागा कोरी ठेवली आहे.

आणि त्या बाईला माझ्याकडून सांग, खुशाल लग्न कर. सासू-सासऱ्यांच्या नावानं ती का अडून बसली आहे? ती रायपूरची मुलगी काय करते आहे? वर्षातून एकदा साडी-चोळी घेऊन यायचं आणि वहिनीच्या जिवावर आई-बाप टाकून निवांत राहायचं, हे बरं आहे. मी रोज असली मुलं-मुली बघते इथे. रविवारी फळं घेऊन येतात, अर्धा तास घड्याळ बघत बसतात. त्या रायपूरवालीला कोणीतरी दोन शब्द सुनवायला हवेत. पत्ता असेल तर दे, मी लिहिते.

तुझी
उर्वशी


गोरेगाव
२८ जानेवारी २०२५

प्रिय उर्वशी,

तुझं पत्र पाच दिवसांपूर्वी आलं. 'लग्नाचा खण' वाचल्यावर मला आधी चोळीचा खण वाटला. शिलाईवाल्या बाईला दुसरं काय सुचणार? मी विचार करत बसले की जपानात लग्नाला खण कोणता देतात, रेशमी की सुती. मग परत वाचलं.

मग तुझा शेवटचा परिच्छेद वाचला. तोही परत वाचला. पत्ता मागितला आहेस. ती मुलगी रायपूरला नाही. ती मात्सुएला असते.

ती बाई मी आहे, उर्वशी. मॅडमची बदली कधी झालीच नव्हती.

खोटं बोलले, त्याबद्दल माफी मागते. पण का बोलले ते ऐक. त्यांचं नाव भूपेंद्र. सडक अर्जुनीला हायवेवर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मशीनची मोटार घेऊन गेले होते तिथेच ओळख झाली. मोटार दोनदा परत नेली. पहिल्यांदा खरंच बिघडली होती. त्यांच्या आईंना, पुष्पाबाईंना, भेटायला रिकाम्या हातानं कशी जाणार? आणि इथे पेढे घ्यायला गेलं तर तुला माहीत आहे. दुकानदार पाव किलो तोलायच्या आधी विचारतो, "कोनाकडे जाऊन राहिल्या वहिनी?" माझ्या तोंडून उत्तर निघायच्या आधी ते बाजारभर झालं असतं. म्हणून म्हटलं, जिथे मला कोणी ओळखत नाही तिथून मिठाई आणावी. तर तुझ्या त्या बाईंनीही पहिल्या झटक्याला निमित्त विचारलंच. मिठाईवाले जगभर सारखेच.

माझं मन काय म्हणतं ते सांगते. मला लग्न करायचं आहे. तिलकना मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. काविळीत ते चाळीस दिवस अंथरुणावर होते, तो एकेक दिवस मला पाठ आहे. पण मी चौतीस वर्षांची आहे. पुढची चाळीस वर्षं मी फक्त कोणाची तरी मागे राहिलेली बायको म्हणून काढायची, हे मला जमत नाही. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते, भावाजवळही नाही. माहेरी आई असती तर तिला सांगितलं असतं.

आणि आई-बाबांना सोडून जाणं मला कठीण आहे. तू नोव्हेंबरात लिहिलंस की मी आहे म्हणून तू निवांत आहेस. ते वाचून मी सडक अर्जुनीला निरोप पाठवला होता की जमणार नाही. मग तू त्या बाईला लग्न कर म्हणालीस. आता मी कोणत्या उर्वशीचं ऐकू, ते तूच सांग.

तू पाठवलेला कागद खोक्याला लावला आहे. नाव कोणाचंच लिहिलं नाही. तुझं उत्तर येईपर्यंत खोका फळीवरच राहील, मी कुठेही जाणार नाही. तू नको म्हणालीस तर त्यातली फुलं आपण होळीला आई-बाबांना देऊ आणि हा विषय संपला. रागावून लिही, पण लिही.

तुझी
ओमेश्वरी


मात्सुए
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळून दोन आठवडे झाले. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्हीदा फाडलं. तुला वाट बघायला लावली, हे मला कळत होतं. खोक्यावरची तारीखही मला माहीत होती.

खरं सांगते, मी रागावले होते. पहिल्या दिवशी वाटलं, तू दादाला फसवते आहेस. दुसऱ्या दिवशी वाटलं, तू मला फसवलंस. तिसऱ्या दिवशी आमच्याकडच्या एका आजींची मुलगी आली, फळं घेऊन. अर्धा तास बसली, घड्याळ बघितलं, आणि जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही." वहिनी, मला त्या बाईला दोन शब्द सुनवायचे होते. पण ते शब्द मी आधीच लिहून टाकले होते, रायपूरच्या पत्त्यावर.

माझा राग दादासाठी नव्हता. तू गेलीस तर मला परत यावं लागेल, याची ती भीती होती. दादाचं नाव मी फक्त ती भीती झाकायला घेतलं. मला लाज वाटली, अजूनही वाटते. तुझ्या आयुष्यावर मी तीन वर्षांची सही करायला निघाले होते आणि तुला विचारलंही नव्हतं.

आता माझं ठरलेलं ऐक. तीन वर्षांच्या करारावर मी सही केली नाही. एक वर्षाचा मागितला, मिळाला. पगार जरा कमी. पुढच्या मार्चमध्ये मी येते आहे, आणि नागपूरला म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचं काम आता पुष्कळ आहे, तिथे मला नोकरी मिळेल असं लोकेंद्र म्हणतो. त्याच्या म्हणण्यावर मी किती विश्वास ठेवते हे तुला माहीत आहे, पण या बाबतीत तो बरोबर असावा. मधलं एक वर्ष आई-बाबांचं कसं करायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. तू एकटीनं ठरवायचं नाही.

खोका घेऊन जा. फळीवरून काढ आणि या रविवारीच जा. इतके दिवस कपड्यांच्या मागे ठेवलास, फुलांना डांबराच्या गोळ्यांचा वास लागला नसला म्हणजे मिळवलं.

कागदावर नाव माझं लिही. गाठीच्या खाली देणाऱ्याचं नाव लागतं, आणि ही मिठाई मी देते आहे, तुझ्या लग्नाची. देवनागरीत लिही, पुष्पाबाईंना वाचता यायला हवं. आणि हे पत्र आई-बाबांना वाचून दाखव. मी स्वतः फोनवर सांगितलं असतं, पण चौथ्या मिनिटाचं तुला माहीत आहे.

तुझी
उर्वशी


गोरेगाव
२४ मार्च २०२५

चि. उर्वशीस बाबांचा आशीर्वाद,

पत्र लिहिण्याची माझी सवय गेली. मागच्या खेपेस लिहिले ते वीज मंडळाला. तरी हे मीच लिहितो, कारण ओमेश्वरी म्हणते, ज्याचे त्याने सांगावे.

होळीच्या दोन दिवस आधी तिने तुझे पत्र आम्हा दोघांसमोर वाचले. मी एवढेच म्हणालो की ठीक आहे, आणि गोठ्याकडे गेलो. तिथे बराच वेळ बसलो. तिलकची आठवण आली. आपल्या हातून गेलेल्या मुलाची बायको आपण सांभाळतो, असे मी चार वर्षे समजत होतो. ती आम्हाला सांभाळत होती, हे गोठ्यात बसल्यावर कळले.

तुझी आई तीन दिवस बोलली नाही. होळीला तिने पुरण शिजवले, वाढले, तेवढेच. ओमेश्वरीने मला हळूच सांगितले, नको बाबा, राहू द्या. चौथ्या दिवशी सकाळी आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थो दारू पेते का?" मी म्हणालो, पेत नाही म्हणतात. ती म्हणाली, "म्हनतात का म्हनून? जाऊन पाहा ना." म्हणून पुढच्या आठवड्यात मी एसटीने सडक अर्जुनीला गेलो.

ओमेश्वरी आदल्या रविवारी तिकडे जाऊन मिठाई देऊन आली होती. पुष्पाबाई सरळ बाई आहे. मुलीचा बाप आला म्हणून तिची धांदल उडाली. चहाला साखर कमी होती की काय देव जाणे, तिने तुझा तो खोका उघडला, चार फुले चहाच्या भांड्यात टाकली आणि चमच्याने ढवळली. साखरच होय ना, म्हणाली. तीनशे वर्षांच्या दुकानाची मिठाई मी बशीतून प्यालो. चहा चांगला झाला होता. तू हे त्या दुकानाच्या बाईला सांगू नको.

मुलगा पाहिला. हात तेलाने काळे, नजर साफ. मी बसलो असताना एका ट्रकवाल्याने त्याला दोन शिव्या दिल्या, याने काम संपवून त्याला पाणी दिले. दारू पीत नाही. तंबाखू खातो, ते मी त्याला तोंडावर सांगितले. सोडतो म्हणाला. सोडणार नाही, पण म्हणाला तरी. मी त्याच्याकडे हो म्हणून आलो.

गावात केशोराव म्हणाला, "पाट होय तं सांजच्याले उरकून टाका. कायले गाजावाजा करता?" तुझ्या पत्रातले, लग्नाचा खण एकच असतो ते, ओमेश्वरीने मला सांगितले होते, पण मी जपानचे नाव घेतले नाही. मी म्हणालो, माझ्या घरचे लग्न आहे, सकाळी अकराचा मुहूर्त आहे, तुला यायचे तर ये. तो येईल. जेवण सोडणारा माणूस नाही तो.

आमची चिंता करू नको. आम्ही म्हातारे झालो, लुळे नाही झालो. सडक अर्जुनी तासाभराचा रस्ता आहे. ओमेश्वरी म्हणते दर मंगळवारी येईन. मी म्हणालो, दर मंगळवारी आलीस तर तुझी नवी सासू मला शिव्या देईल, पंधरवड्याला ये.

लग्न चार मेला, आपल्या अंगणात. तुला सुट्टी मिळते का पाहा. तिलकच्या लग्नात तू नवरदेवाची करवली होतीस. या वेळी नवरीची हो. भूपेंद्रला मी सांगून ठेवले आहे की आमची उर्वशी तुला जिजाजी म्हणेल. मग ओमेश्वरीला वहिनी म्हणायचे की ताई, याचा तुम्ही दोघी निकाल लावा. मला विचारू नका.

लोभ आहेच.
चैनलाल

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात तुझी आई येऊन जवळ बसली. म्हणाली, "मांडवात बाया इचारतील, नवरीची तुमी कोन? तं मी का सांगू?" मी म्हणालो, तूच सांग. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "माय आहो म्हनून सांगीन. दुसरं का सांगू?" आणि उठून ओमेश्वरीला जेवायला हाक मारली.